चौदावी पायरी

मी जन्मभर लोकांना नावं ठेवत आले. आमच्या घरात ते वळणच होतं. यवतमाळात तीन पिढ्या कचेरीत नोकऱ्या केलेलं आमचं घर. संध्याकाळी चहाचा कप हातात आला की वडील साहेबापासून चपराशापर्यंत एकेकाला सोलून काढायचे आणि आम्ही भावंडं पोट धरून हसायचो. त्यामुळे घाटंजीच्या पुढच्या एका खेड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवायची नोकरी लागली, तेव्हा पहिल्या आठवड्यातच मी सगळं गाव सोलून मोकळी झाले. प्राचार्य गणिताचे, पण स्वतःच्या मोबाइलवरचा नंबर दुसऱ्याकडून लावून घेणारे. शिपाई घंटा सोडून बाकी सगळी कामं करणारा. आणि विद्यार्थी? त्यांना तर मी मोजतही नव्हते. 'माउस' या शब्दाला हसणारी, कीबोर्डवर एका बोटानं टकटक करणारी बारावीची तेवीस पोरं-पोरी.

कापसाची ती वाईट वर्षं होती. जिल्ह्याचं नाव रोज पेपरात, म्हणून जिल्ह्याकडे मदतीची रांग. कुणाला गाई मिळाल्या, कुणाला पंप मिळाले, आमच्या शाळेला बारा संगणक मिळाले. ज्यांना गाई मिळाल्या त्यांच्याकडे चारा नव्हता आणि आमच्याकडे वीज नव्हती. भारनियमन बरोबर शाळेच्या वेळात. दुपारी दोनला वीज यायची, चारच्या सुमारास पुन्हा डोळे मिटायची. दोन वर्षांत बारांपैकी सात संगणक कायमचे झोपले. काहींच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या, काहींचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. दसऱ्याला मात्र बाराच्या बारांना झेंडूची माळ आणि हळदकुंकू व्हायचं. जे चालतात त्यांच्यापेक्षा जे बंद आहेत त्यांच्यावर कुंकू जास्त, कारण ते हलत नाहीत.

त्या साली ऑक्टोबरात आम्हा शिक्षकांना कार्यशाळेला बोलावलं. विषय होता, संगणकाच्या पडद्याचं रेकॉर्डिंग करून त्याचे व्हिडिओ वर्गात वापरणे. आपण पडद्यावर जे करतो ते सगळं, बोलण्यासकट, एक सॉफ्टवेअर टिपून ठेवतं. मग वीज असो नसो, मास्तर असो नसो, मुलं ते कुठेही पाहू शकतात. कल्पना वाईट नव्हती, पण आपल्याकडे कल्पनेच्या आधी सत्कार असतो. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, मंचावरच्या नऊ जणांना शाल आणि नारळ देऊन झाले. नऊही जण दोन शब्द बोलतो म्हणून उठले आणि एकानंही शब्द पाळला नाही. शिकवायला आलेल्या बिचाऱ्या माणसाच्या वाट्याला शेवटची पंचवीस मिनिटं आली, त्यातली वीस प्रोजेक्टर जोडण्यात गेली. त्यानं घाईघाईत प्रत्येक शाळेच्या हातात एक सीडी ठेवली, 'यात सॉफ्टवेअर आहे' म्हणाला आणि जेवणाच्या रांगेत दिसेनासा झाला.

संस्थेच्या सचिवांनी फर्मान काढलं की दिवाळीआधी प्रत्येक शिक्षकाचा एक व्हिडिओ तयार पाहिजे. आमच्या इतिहासाच्या सरांनी सगळ्यात आधी केला. अकरा मिनिटांचा. त्यातली पहिली चार मिनिटं संस्थापकांचा फोटो, मग अध्यक्षांचा, सचिवांचा, प्राचार्यांचा. प्रत्येक फोटोवर पडद्याच्या वरून पाकळ्या पडतात. मग प्रास्ताविक. मग दोन मिनिटं धडा. मग आभारप्रदर्शन, ज्यात वीज मंडळाचेही आभार होते. तो व्हिडिओ स्टाफरूममध्ये दाखवला तेव्हा प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, आता तुमचा येऊ द्या. तुम्ही तर याच विषयाच्या." मी मनात म्हटलं, दाखवतेच तुम्हाला, व्हिडिओ कशाला म्हणतात ते.

मी निवडला आलेख. पाच मुलांचे पाच विषयांतले गुण तक्त्यात भरायचे, बेरीज करायची आणि त्यांचा स्तंभालेख काढायचा. प्रात्यक्षिक परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा. मी कागदावर सगळं लिहून काढलं, कुठे काय दाबायचं, काय बोलायचं, तेही शुद्ध, पुस्तकी मराठीत. माझी घरची बोली वऱ्हाडीच, पण ती मी शाळेच्या फाटकाबाहेर ठेवत असे. रागावले की तेवढी आत यायची.

दुपारी दोनला वीज आली आणि मी रेकॉर्डिंगला बसले. त्या दिवशी तेवीसपैकी चार जण हजर होते. बाकीचे सगळे वेचणीला. प्रयोगशाळेच्या खिडकीतून शिवार दिसायचं. पांढऱ्या वावरांमधून कमरेला ओटी बांधलेल्या बाया, माणसं आणि त्यांच्यात माझे विद्यार्थी. ते पाहून माझं डोकं आधीच तापलेलं होतं. आपण इथे यांच्यासाठी घसा कोरडा करतोय आणि हे तिकडे मजेत.

मजेत! कापूस वेचणं मजेचं असतं असं मला त्या वेळी खरंच वाटत होतं. बोंडाचं टोक कसं असतं, हे मी कधी हात लावून पाहिलं नव्हतं.

व्हिडिओचा अर्धा भाग झकास झाला. मग माझा हात चुकला. आलेखाचा पर्याय ज्या मेनूत आहे तो सोडून मी भलताच उघडला. एक भलीमोठी चौकट पडद्यावर आली. मी लगेच कीबोर्डवरचं रेकॉर्डिंग थांबवायचं आणि सुरू करायचं बटण दाबलं. आता थांबलंय म्हटल्यावर मी निवांत झाले. चौकट बंद केली. पुन्हा प्रयत्न केला, तर स्तंभांऐवजी गोल आलेख आला, भाकरीचे तुकडे केल्यासारखा. तो पुसला. मग बाण खाली उजव्या कोपऱ्यात नेऊन घड्याळ पाहिलं, कारण साडेचारची यवतमाळची एसटी चुकली की पुढची थेट सहाला. आणि खिडकीबाहेर पाहत, चिडून, घरच्या बोलीत मी काहीतरी पुटपुटले. मग पुन्हा तेच बटण दाबून राहिलेला भाग नीट पूर्ण केला.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. तो कीबोर्ड मदतीत आलेल्यांपैकी होता आणि त्याची बटणं एकदा दाबली की दोनदा लागायची. नाव टाइप करायला घेतलं की त्यात एकेक अक्षर दोनदा उमटायचं, यावरून मी रोज पोरांवर ओरडत असे. त्याच न्यायानं माझं रेकॉर्डिंग थांबलं आणि त्याच क्षणी पुन्हा सुरू झालं. अठरा मिनिटांच्या त्या व्हिडिओची पहिली दोन मिनिटं मी पाहिली, स्वतःवर खूष झाले, पेनड्राइव्हवर घेतला आणि बस पकडली. बाकीचा पाहिलाच नाही. दुसऱ्यांच्या कामातला दोष मला मैलावरून दिसायचा; स्वतःचं काम तपासावं, हे कधी सुचलंच नाही.

त्या गावात बसथांब्याजवळ मोबाइलचं एक दुकान होतं. तिथला माणूस मेमरी कार्डात गाणी आणि पिक्चर भरून द्यायचा. मी त्याच्याकडे व्हिडिओ दिला आणि सगळे हजर होते त्या दिवशी वर्गात सांगितलं, "ज्यांना वेचणीला जायचंय त्यांनी जावं. तुम्ही तसेही ऐकणार नाही. पण कार्डात हा व्हिडिओ भरून घ्या, आणि पडद्यावर जे दिसतं, कानांवर जे पडतं, ते सगळं क्रमानं वहीत उतरवून पाठ करा. तुम्हाला समजायची गरज नाही. स्वतःचं डोकं चालवू नका." मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "सारंच उतरवाचं का मॅडम?" ही तांड्यावरून रोज चार किलोमीटर चालत यायची आणि तिचं अक्षर वर्गात सगळ्यांत सुरेख. मी म्हटलं, "सगळं म्हणजे सगळं. मराठी कळतं ना?" वर्ग हसला. तीही हसली, पण तिनं वही काढून त्यावर काहीतरी लिहून ठेवलं.

दुकानदार गाण्यांच्या मधोमध माझा व्हिडिओ फुकट टाकून द्यायचा. पुढचे अडीच महिने माझा व्हिडिओ कुठे कुठे वाजला हे मला नंतर कळलं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून एका मोबाइलभोवती पाच-सहा डोकी जमायची. तो मोबाइल केवढा, त्याचा पडदा केवढा! मेनूतली अक्षरं त्यात मुंगीच्या पायासारखी. शब्द वाचता येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शब्द सोडून दिले आणि बाण कुठून कुठे जातो ते धरलं. वरच्या पट्टीत डावीकडून दुसरा. मग खाली तिसरी ओळ. मग थांबा. मग उजवीकडे. चित्र असं अंधूक, पण आवाज मात्र स्वच्छ. ती मुलगी लिहायची आणि बाकीचे तिच्या वहीवरून उतरवायचे.

जानेवारीच्या मध्यावर वेचणी उरकली आणि तेवीसच्या तेवीस परत आले. मला नवल वाटलं, कारण दरवर्षी पाच-सहा तरी तिकडेच गळून जायचे. बोटांना चिरा पडलेल्या, नखांत काळं. पण संगणकावर बसले आणि भराभर आलेख काढू लागले. मी आपल्या टेबलाशी बसून पेपर वाचायची, आणि कुणी "झालं मॅडम" म्हटलं की जाऊन शेवटचा आलेख पाहायची. आलेख दर वेळी बरोबर. मी प्राचार्यांना जाऊन सांगितलं, "माझ्या व्हिडिओमुळे पोरं तयार झाली. पाकळ्या न पाडताही धडा शिकवता येतो." इतिहासाचे सर तिथेच बसले होते. त्यांनी चष्मा पुसला.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. त्यांनाही मी आल्या आल्या नावं ठेवली. सफारी घातलेला, खुर्ची आधी रुमालानं पुसून मग बसणारा, स्वतःची पाण्याची बाटली घेऊन फिरणारा, कमी बोलणारा माणूस. मनात म्हटलं, आणखी एक नाकानं कांदे सोलणारा आला. वीज दगा देईल म्हणून लग्नाच्या मांडववाल्याकडून जनरेटर आणला होता. पाच संगणक, म्हणून पाच-पाच जणांच्या तुकड्या. परीक्षकांनी प्रत्येक तुकडीला वेगळे आकडे दिले आणि ते पाठीमागे हात बांधून मुलांच्या मागे उभे राहिले.

पहिली तुकडी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या तुकडीत ती सुरेख अक्षराची मुलगी होती. परीक्षक मला म्हणाले, "मॅडम, इकडे या. इथे माझ्या शेजारी उभ्या राहा आणि पाचही पडदे बघा."

मी पाहिलं. पाच जणांनी आकडे भरले. बेरीज केली. मग पाचही जणांनी चुकीचा मेनू उघडला. पाच चौकटी आल्या, पाच बंद झाल्या. मग पाच गोल आलेख उगवले, पुसले गेले. आणि मग पाचही बाण पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात गेले, घड्याळावर थांबले. कुणी काही करेना. पाच जण ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होते. मोजून झालं आणि पाचही बाण एकदम वर गेले. पुढचं सगळं बरोबर.

साडेचारची एसटी!

"आधीच्या दोन तुकड्यांनीही हेच केलं," परीक्षक म्हणाले. "तीच चूक, त्याच जागी. आणि घड्याळावर जाऊन थांबणं. ही खूण कसली आहे? कोण देतंय आतून उत्तरं? मी नोकरीत पुष्कळ कॉप्या पाहिल्या, पण इतकी शिस्तीतली पाहिली नाही." त्यांनी फाईल उघडली. "सामूहिक कॉपीचा अहवाल जाईल. तेवीसही जणांचे या विषयाचे गुण थांबतील. पुढे बोर्ड काय ते ठरवेल."

प्राचार्य धावत आले. आपल्याकडे संकट आलं की पहिल्यांदा कचोरी येते. शिपायाला पिटाळलं गेलं, चहा आला, प्राचार्य हात जोडून म्हणाले, "साहेब, पोरांचं वर्ष जाईल. खेड्यातली पोरं आहेत." परीक्षकांनी चहाला हात लावला नाही. खोलीत पाच जण खुर्च्यांवर बसलेले, बाहेर व्हरांड्यात अठरा जण खिडकीच्या गजांना चिकटलेले. कुणाचा नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता, कुणाला पोलीस भरती द्यायची होती, आणि बारावीशिवाय त्यांतलं काहीच होणार नव्हतं. हे मला माहीत होतं, कारण ते सगळे फॉर्म माझ्याच टेबलावर भरले जायचे आणि त्यांतल्या चुकांवर मीच हसायची.

प्राचार्यांनी मला विचारलं, "मॅडम, हे काय आहे? तुम्ही असं शिकवलं?"

इथे मी काय केलं ते सांगायला हवं, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मला सगळं कळलं होतं. चूक कोणाची, घड्याळ कोणाचं, सगळं. एक वाक्य बोलायचं होतं. पण समोर तो सफारीवाला उभा, शेजारी प्राचार्य, दारात इतिहासाचे सर. मी म्हणाले, "नाही. मी असं शिकवलेलं नाही. कुठून शिकले कोण जाणे."

खिडकीतल्या मुलांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यात राग नव्हता. राग असता तर मी त्यालाही नावं ठेवली असती. त्यांना फक्त माझं बोलणं कळलं नव्हतं.

ती मुलगी खुर्चीवरून उठली. परीक्षकांना म्हणाली, "सर, आमी कॉपी नाई केली जी. बाहेर थैलीत माही वही हाये. आणू का?"

ते म्हणाले, "आण."

वही आली. दोनशे पानी, वर वर्तमानपत्राचं कव्हर. परीक्षक मोठ्यानं वाचू लागले. आवाजात चढउतार नाही, किराणा यादी वाचावी तसं. "पायरी नऊ. बाण वरच्या पट्टीत, डावीकडून सहाव्या शब्दावर. मोठी चौकट उघडते. पायरी दहा. चौकट बंद. पायरी अकरा. गोल चित्र येते. पायरी बारा. मॅडम ते खोडतात. पायरी तेरा. बाण खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळावर. पाच मोजेपर्यंत थांबणे."

मग ते थांबले. पुढची ओळ त्यांनी मनात वाचली. पुन्हा वाचली. आणि उघडी वही माझ्या हातात दिली.

पायरी चौदा. मोत्यासारख्या अक्षरात, अवतरणचिन्हांत, एक शब्द न बदलता लिहिलं होतं:

मॅडम म्हणतात, "कायले जीव जाळून राह्यली मी? याइले का समजते? एकदा कापसात गेले का वापस येत नाई कोणी. मंग कायची शाळा न् कायचं कॉम्प्युटर."

"काय आहे, काय आहे?" प्राचार्य मान लांबवून विचारत होते.

"पायऱ्या आहेत," परीक्षक म्हणाले. "व्हिडिओ कुठे आहे?"

मी तो लावून दिला. त्यांनी स्पीकर बंद करून हेडफोन कानाला लावला आणि एकट्यानं ऐकलं. चुकीचा मेनू आला तिथे ते थोडे पुढे झुकले, बाण घड्याळावर थांबला तिथे त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवला. या माणसाला मी सकाळपासून मनात सोलत होते, आणि त्यानं माझं वाक्य त्या खोलीत कुणाला ऐकू दिलं नाही. अर्थात, ज्यांनी ऐकायला नको होतं त्यांनी ते अडीच महिने ऐकलं होतं.

बाहेर बाकीच्यांनीही आपापल्या वह्या काढल्या होत्या. गजांमधून वह्या आत येत होत्या. मी एक उघडली, दुसरी उघडली. वेगवेगळी अक्षरं, कुणाची वेलांटी वाकडी, कुणाची शाई फुटलेली. चौदावी पायरी सगळीकडे होती. तिसरी वही मी उघडली नाही.

मला लाज वाटली. सकाळी तोंड धुताना आरशात पाहवणार नाही अशी लाज. मी परीक्षकांना म्हणाले, "चूक माझी आहे सर. मुलांनी मी केलं तसंच केलं. मघाशी मी खोटं बोलले." एवढं बोलायला मला फार वेळ लागला, आणि माझ्या मराठीत त्या वेळी काहीच शुद्ध नव्हतं.

ते काही उपदेश करतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी केला नाही. त्या मुलीला फक्त विचारलं, "तो मेनू चुकीचा आहे हे तुला कळत होतं?"

"हो जी. इथं मोठ्या पडद्यावर अक्षरं दिसली तवाच समजलं."

"मग उघडलास कशाला?"

"मॅडमनं उघडला होता न. त्याइनं केलं म्हणजे काईतरी कारण असंन, असं वाटलं आमाले."

परीक्षकांनी फाईल मिटली. अहवालाचा कागद काढला होता तो घडी करून खिशात टाकला आणि मुलांना म्हणाले, "आता घड्याळ आणि चुकीच्या पायऱ्या सोडून सगळं करा." उरलेल्या तुकड्यांची परीक्षा झाली. कुणी कोपऱ्यात गेलं नाही, कुणी गोल आलेख काढला नाही. सगळ्यांचे आलेख बरोबर आले. जाताना परीक्षकांनी थंड झालेला चहा उभ्यानंच पिऊन टाकला आणि प्राचार्यांना सांगितलं की पोरं तयार आहेत. माझ्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

सगळे पांगल्यावर ती मुलगी वही न्यायला आली. व्हरांड्यात आम्ही दोघीच होतो. जनरेटर बंद झाला होता आणि मांडववाला तो हातगाडीवर चढवत होता. मी तिला वही दिली, पण हातातून लवकर सोडवेना. माझ्या तोंडून घरचीच बोली आली. मी म्हटलं, "पोरी, ते वाक्य काहून लिहिलं तू?"

ती जरा गोंधळली. माझं चुकलं का, असा तिचा चेहरा झाला. मग म्हणाली, "तुमीच तं सांगतलं होतं मॅडम. जे दिसते, जे आयकू येते, ते सारं उतरवा, आपलं डोकं चालवू नोका."

तिनं वही थैलीत घातली, थैली खांद्याला लावली. दोन पावलं गेली आणि वळून म्हणाली, अगदी साधेपणानं, अभ्यासाचं सांगावं तसं, "साऱ्या पायऱ्या केल्या आमी. चुकीच्या होत्या त्याबी केल्या. चौदावी तेवढी नाई केली. वेचणी झाली अन् तेवीसचे तेवीस वापस आलो न मॅडम. तितं आमी आमचं डोकं चालवलं."